विशेष शिक्षणात पीएचडी करायची असेल तर: आधी मुलं मोजा, मग विषय ठरवा

आराखड्यात '६० विद्यार्थ्यांचा नमुना' असं लिहून मोकळं व्हायचं, आणि दुसऱ्या वर्षी जिल्हाभर शाळा पालथ्या घातल्यावर निकषात बसणारी १७ मुलं हाती लागायची. विशेष शिक्षणातल्या पीएचडीचं घोडं सहसा इथे अडतं. प्रवेश परीक्षा, कोर्सवर्क, फी या गोष्टी त्या मानाने सोप्या. त्यामुळे नियमांचं थोडक्यात सांगून मुलं, साधनं आणि परवानग्या यांवर जास्त बोलू. चौकट महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची आणि यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नोव्हेंबर २०२२च्या नियमांची धरली आहे.

पात्रता आणि प्रवेश

पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर पदव्युत्तर पदवीशिवाय थेट पीएचडी करता येते, पण विशेष शिक्षणात ही वाट धरू नका. पुढे विशेष बी.एड.च्या महाविद्यालयात शिकवायचं असेल तर एम.एड. विशेष शिक्षण आणि आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी मागतात. नुसत्या पीएचडीने ती उणीव भरून निघत नाही. आधीपासून नोंदणी असेल तर तिचं नूतनीकरण वेळेवर करा. प्रबंधाच्या धांदलीत सीआरईचे, म्हणजे नूतनीकरणासाठी लागणाऱ्या निरंतर पुनर्वसन शिक्षणाचे, गुण गोळा करायचे राहतात आणि ऐन मुलाखतीच्या वेळी नोंदणीची मुदत संपल्याचं लक्षात येतं.

अर्ज करण्याआधी जाहिरातीतला विषयाचा रकाना नीट वाचा. बऱ्याच विद्यापीठांत विशेष शिक्षण हा पीएचडीचा वेगळा विषय नसतो. तो शिक्षणशास्त्राखाली येतो आणि पदवीवरही तेच छापून येतं. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या जुहू संकुलात मात्र विशेष शिक्षणाचा स्वतंत्र विभाग आहे. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही, तेव्हा 'घरबसल्या दोन वर्षांत पीएचडी' अशा जाहिरातींच्या नादी लागू नका. नोकरी सांभाळून अर्धवेळ करता येते, त्यासाठी संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं.

प्रवेश नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून होतो किंवा विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेतून, जिला सगळे 'पेट' म्हणतात. जून २०२४पासून नेटच्या निकालात तीन गट असतात: जेआरएफसह (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसह) सगळ्याला पात्र, सहायक प्राध्यापकपद व पीएचडीला पात्र, आणि फक्त पीएचडीला पात्र. शेवटच्या दोन गटांना नेटच्या गुणांचं ७० टक्के आणि मुलाखतीचं ३० टक्के वजन मिळतं, आणि ते गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. पेटमध्ये निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. मुलाखतीला पोचायला ५० टक्के लागतात, आरक्षित गटांना ४५. नेटला शिक्षणशास्त्राच्या दुसऱ्या पेपरात दहा घटक आहेत. समावेशक शिक्षण हा त्यातला फक्त दहावा. विशेष शिक्षणातून आलेले लोक तेवढ्यावर विसंबतात आणि शिक्षणाचं अर्थकारण, अभ्यासक्रम, व्यवस्थापन या घटकांत मार खातात.

मुदत किमान ३ वर्षं आणि कमाल ६. पुनर्नोंदणी करून आणखी २ मिळतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २. काही झालं तरी एकूण १० वर्षांच्या वर नाही. महिलांना प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी पूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. ती घेतली तर लेखी मंजुरी जपून ठेवा.

गाईड कसा बघावा

एका वेळी प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून पहिली चौकशी जागा किती रिकाम्या आहेत याची, आणि दुसरी निवृत्तीच्या तारखेची.

तिसरी चौकशी जरा नाजूक, पण तीच महत्त्वाची. शिक्षणशास्त्रातल्या अनेक गाईडांचा विशेष शाळेशी प्रत्यक्ष संबंध आलेला नसतो. तो दोष नाही, पण मग सहमार्गदर्शक हवा. मानसशास्त्र, वाचा-श्रवण किंवा पुनर्वसन क्षेत्रातला, दुसऱ्या विभागातला किंवा संस्थेतला सहमार्गदर्शक घ्यायला नियमांची आडकाठी नाही. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर त्या गाईडकडे झालेले दोन प्रबंध उघडा आणि थेट तिसऱ्या प्रकरणावर जा. नमुना कसा निवडला, साधन कसं तयार केलं, हे दहा पानांत पटेल असं लिहिलेलं असेल तर तुमच्याकडूनही तसंच करून घेतील. तिथे नुसत्या व्याख्या उतरवलेल्या असतील तर पुढचं ओळखा.

विषय: हजेरीपटापासून सुरुवात

नेहमी दिसणारं शीर्षक असं असतं: 'महाराष्ट्रातील विशेष शाळांमधील मतिमंद विद्यार्थ्यांच्या सामाजिक कौशल्यांवर संगणक साहाय्यित कार्यक्रमाच्या परिणामकारकतेचा अभ्यास'. यात तीन ठिकाणी पाय घसरतो. 'महाराष्ट्रातील' म्हटलं की ३६ जिल्हे आले, आणि तुम्ही जाणार दोन तालुक्यांत. 'मतिमंद' हा शब्द २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानंतर प्रबंधात चालत नाही, 'बौद्धिक अक्षमता' लिहा. जुन्या संदर्भाचं शीर्षक उद्धृत करताना मात्र आहे तसंच ठेवा. आणि 'सामाजिक कौशल्ये' म्हणजे नेमकं काय मोजणार, हे कुणालाच सांगता येत नाही.

उलट दिशेने या. घरापासून दीड तासाच्या अंतरात किती विशेष शाळा आहेत, कोणत्या प्रवर्गाच्या आहेत, याची यादी करा. प्रत्येक शाळेत जाऊन चार रकाने भरा: वय, दिव्यांगत्वाचा प्रकार आणि प्रमाण, सोबतच्या इतर अक्षमता, महिन्याची सरासरी हजेरी. शेवटचा रकाना सगळे विसरतात. पटावर ४० मुलं असली तरी पावसाळ्यात रोज २५ येतात; फिट्सचा त्रास असलेली मुलं मधूनमधून आठवडाभर येत नाहीत. निकष लावून उरलेल्या मुलांतून पाचवा हिस्सा गळणार असं धरा. उरतील तेवढी तुमची मुलं.

आता हा आकडा गणिताशी जुळवा. दोन गट, एकाला नवी पद्धत, दुसऱ्याला नेहमीची, आणि दोन्हींच्या सरासरींची तुलना करणारी टी-चाचणी असं ठरवलं, आणि परिणाम मध्यम ताकदीचा अपेक्षित असेल, तर ०.०५ सार्थकता पातळी आणि ८० टक्के शक्ती (खरा फरक असेल तर तो पकडला जाण्याची शक्यता) धरून प्रत्येक गटात ६४ मुलं लागतात, म्हणजे एकूण १२८. परिणाम मोठा असेल तरी प्रत्येक गटात २६. बौद्धिक अक्षमतेच्या शाळेत एका वर्गात आठ-दहा मुलं असतात, त्यांच्यातही वयाचा आणि क्षमतेचा फरक असतो. एकाच गटाची पूर्वचाचणी-उत्तरचाचणी घेऊन 'सार्थक फरक आढळला' म्हणणं हा पळवाटेचा मार्ग झाला. सहा महिन्यांत मूल वाढतं, शिक्षक शिकवतात, चाचणीची सवय होते. फरक तुमच्या कार्यक्रमामुळेच पडला हे त्यातून सिद्ध होत नाही. परीक्षक तो प्रश्न विचारतोच.

मुलं कमी असतील तर दोन चांगले रस्ते आहेत. एक, प्रश्न शिक्षकांकडे किंवा पालकांकडे वळवायचा: समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक सर्वसाधारण शाळेत वैयक्तिक शैक्षणिक आराखडा प्रत्यक्षात कसा वापरतात, यासाठी ९०-१०० जण मिळणं शक्य आहे. दुसरा, एकल-विषय रचना: मोजकी मुलं घेऊन प्रत्येकाची तुलना त्याच्याच आधीच्या नोंदींशी करायची. आपल्याकडे ती अजून कमी वापरली जाते, खरं तर विशेष शिक्षणासाठीच ती शोभते.

तीन मुलांवर प्रबंध?

उदाहरण घेऊ. बौद्धिक अक्षमता असलेल्या १३ ते १६ वयाच्या तीन मुलांना दुकानातून १० रुपयांचा बिस्किटपुडा आणायला शिकवायचं आहे. कामाचे दहा टप्पे पाडा: रस्त्याच्या कडेने दुकानापर्यंत जाणं, रांगेत थांबणं, वस्तूचं नाव सांगणं किंवा चित्र दाखवणं, किंमत ऐकणं, पाकीट उघडणं, योग्य नाणं किंवा नोट काढणं, ती देणं, वस्तू घेणं, उरलेले पैसे मागून घेणं, परत येणं. प्रत्येक टप्पा मदतीशिवाय जमला तर १, नाही तर ०. दहापैकी किती, एवढाच आकडा रोज आलेखावर मांडायचा.

तिघांच्या आधाररेषेच्या, म्हणजे शिकवण्याआधीच्या, नोंदी एकाच दिवशी सुरू होतात, पण शिकवणं वेगवेगळ्या वेळी. पहिल्याला ५ नोंदींनंतर, दुसऱ्याला ८, तिसऱ्याला ११. प्रत्येकाला १२ सत्रं शिकवलं तर तिसरं मूल २३व्या सत्राला संपतं. आठवड्याला तीन सत्रं धरली तर कागदावर आठ आठवडे. गैरहजेरी आणि सुट्ट्या धरून बारा. चार आठवड्यांनी टिकून राहिलं का ते पाहायचं, आणि वेगळ्या दुकानात नेऊन पाहायचं. प्रत्येक मुलाचा आलेख त्याचं शिकवणं सुरू झाल्यावरच चढला, तर तुमच्या पद्धतीचा परिणाम तीनदा दिसला. आधाररेषा आणि शिकवणं या प्रत्येक अवस्थेत किमान पाच नोंदी हा प्रचलित निकष पाळा. आधाररेषा आधीच वर चढत असेल तर शिकवायला घेऊ नका, स्थिर होईपर्यंत थांबा.

बिघडतं कुठे? दुसऱ्या मुलाचा आलेख शिकवण्याआधीच उडी मारतो. कारण साधं असतं: तो पहिल्याच्या शेजारी बसतो आणि बघून शिकतो, किंवा त्याच्या आईला तुमचा कार्यक्रम कळलेला असतो आणि तिने घरी सराव सुरू केलेला असतो. म्हणून तिन्ही मुलं वेगवेगळ्या वर्गांतली घ्या आणि पालकांना वेळापत्रक समजावून सांगा.

नोंदी एकट्याने घेतल्या तर त्यांवर कुणी विश्वास ठेवणार नाही. प्रत्येक अवस्थेतल्या किमान २० टक्के सत्रांना दुसरा निरीक्षक हवा. दोघांनी स्वतंत्र नोंदवलेल्या टप्प्यांतले जुळलेले किती ते मोजा: २० टप्प्यांपैकी १८ जुळले तर ९० टक्के. ८०च्या खाली गेलं तर व्याख्येत घोळ आहे, 'योग्य नाणं काढणं' म्हणजे काय हे पुन्हा लिहा. तसंच तुम्ही ठरल्याप्रमाणेच शिकवलं का, याचीही तपासणी सूची त्या निरीक्षकाकडून भरून घ्या.

विद्यापीठाची समिती '३ मुलं?' म्हणून भुवया उंचावणार, हे धरूनच चाला. याच रचनेची तीन-तीन मुलांच्या तीन संचांत पुनरावृत्ती ठेवा, आणि पहिल्या टप्प्यात ६०-७० शिक्षकांचं सर्वेक्षण जोडा. समितीला आकडा मिळतो आणि तुम्हाला कार्यक्रम बांधायला पाया मिळतो.

साधनं

मोजमापाचं तयार साधन मिळालं की अर्धं काम झालं असं वाटतं, आणि तिथेच चूक होते. बिने-कामत या बुद्ध्यंक चाचणीचं काम मुळात मराठी आणि कन्नड मुलांवरच झालेलं, पण ते १९३०च्या दशकातलं. तिचे मानदंड आजच्या मुलांना लावताना मर्यादा लिहाच. स्वमग्नतेसाठी इसा ही ४० विधानांची भारतीय श्रेणी आहे. वाचन अक्षमतेसाठी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने केलेलं डाली हे साधन मराठीतही आहे. शाळेच्या फायलीतले बुद्ध्यंक जसेच्या तसे वापरू नका: एका मुलाचा बिने-कामतवरचा, दुसऱ्याचा मालिनच्या चाचणीवरचा, तिसऱ्याचा सहा वर्षांपूर्वीचा. ते एका तक्त्यात बसत नाहीत.

अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मुलाला वयाची आठ वर्षं पूर्ण होण्याआधी मिळत नाही. त्यामुळे दुसरीतली मुलं घेऊन शीर्षकात 'अध्ययन अक्षम' लिहिलं तर परीक्षक पहिल्या पानावरच पकडेल. 'वाचनात मागे पडण्याची जोखीम असलेली' असं लिहा. कर्णबधिर मुलांना विज्ञानाची लेखी मराठी चाचणी दिली तर मोजलं जातं मराठी वाचन. सूचना आणि प्रश्न भारतीय सांकेतिक भाषेतही द्या, ते चित्रित करून ठेवा. ब्रेलमधून चाचणी असेल तर ताशी किमान २० मिनिटं जादा वेळ द्या आणि आकृत्यांचं काय केलं ते लिहा.

इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणताना दोन जणांनी स्वतंत्र भाषांतर करावं, तिसऱ्याने मूळ न पाहता उलट इंग्रजीत न्यावं, मग तुलना. त्यानंतर आठ-दहा पालकांना प्रश्न वाचून दाखवा आणि 'तुम्हाला यातून काय कळलं?' एवढंच विचारा. 'माझे पाल्य समवयस्कांशी आंतरक्रिया करते' या वाक्याला बहुतेक पालक मान डोलावतात. 'गल्लीतल्या मुलांबरोबर खेळतं का?' म्हटलं की खरं उत्तर येतं.

परवानग्या आणि संमती

विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाखाली येतात. पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे किंवा जिल्हा परिषदेच्या संबंधित अधिकाऱ्याकडे पत्र द्यावं लागतं. सर्वसाधारण शाळांसाठी शिक्षणाधिकारी. मग संस्थाचालक, मग मुख्याध्यापक. पत्रात चार गोष्टी हव्यात: किती मुलं, किती दिवस, दिवसातला किती वेळ, आणि शिक्षकांवर कोणतं काम पडणार. चौथी गोष्ट लिहिलेली असली की मुख्याध्यापक लवकर होकार देतात. आवक क्रमांकाची प्रत घेऊन ठेवा. नैतिकता समितीची मान्यता मुलांबरोबर काम सुरू करण्याआधी मिळवा. नंतरची तारीख असलेली मान्यता नियतकालिकं स्वीकारत नाहीत.

पालकांचं संमतीपत्र घरात बोलतात त्या मराठीत, एका पानाचं. वाचता न येणाऱ्या पालकाला वाचून दाखवून अंगठा घ्या, सोबत तटस्थ साक्षीदाराची सही. मुलाचाही होकार लागतो: आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वयात तोंडी, १२ ते १८ वयात लेखी. न बोलणाऱ्या मुलासाठी दोन चित्रं ठेवा, 'करूया' आणि 'नको', आणि नकाराच्या खुणा आधीच लिहून ठेवा: उठून जाणं, तोंड फिरवणं, साहित्य ढकलणं. अशी खूण दिसली की त्या दिवशीचं सत्र बंद.

वेळापत्रकात मे महिना नसतोच. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, विदर्भात थोड्या उशिरा. पहिले पंधरा दिवस प्रवेश आणि पुस्तकवाटपात जातात. गणपती, दिवाळीची सुट्टी, ३ डिसेंबरच्या दिव्यांग दिनाची तालीम, मग क्रीडास्पर्धा आणि स्नेहसंमेलन. सलग काम होतं ते जुलै-ऑगस्ट आणि जानेवारीचा शेवट ते मार्चचा मध्य. बारा आठवड्यांचा कार्यक्रम ऑक्टोबरमध्ये सुरू करणाऱ्याला तो पूर्ण करता येत नाही.

कोर्सवर्क, पैसे आणि शेवट

कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं, त्यात संशोधन व प्रकाशन नीतीचा २ श्रेयांकांचा अभ्यास येतो. ५५ टक्के लागतात. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. नुसता अहवाल वाचण्याऐवजी प्रत्यक्ष आलेख दाखवा, प्रश्न कमी येतात.

जेआरएफ जानेवारी २०२३पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, पुढे एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ अधिछात्रवृत्ती, ४२,०००. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आपापल्या गटांसाठी आहेत, दिव्यांग संशोधकांसाठी केंद्राची स्वतंत्र राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे. नोंदणीपत्र हातात आल्याबरोबर जाहिरातींवर लक्ष ठेवा, कारण मुदती लवकर संपतात.

२०२२च्या नियमांत प्रबंधाआधी शोधनिबंधाची सक्ती राहिलेली नाही, विद्यापीठाची असू शकते. मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी २०२५मध्ये बंद झाली, तेव्हा 'तीन दिवसांत प्रकाशन, फी अमुक' असल्या नियतकालिकांपासून दूर राहायची जबाबदारी तुमच्यावरच आहे. इतरांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं. १० ते ४० असेल तर सुधारून पुन्हा द्यावं लागतं, ६०च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. मराठी प्रबंधांत हे साम्य सहसा दुसऱ्या प्रकरणात सापडतं, व्याख्या आणि कायद्याची कलमं उतरवल्यामुळे. कलम उद्धृत करा, पण त्याखाली तुमच्या तालुक्यात त्याचं काय होतं हे दोन ओळी लिहा.

प्रबंध गाईडशिवाय किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो आणि मग खुली तोंडी परीक्षा होते. तिथे दोन प्रश्न जवळपास ठरलेले: हीच मुलं का निवडली, आणि कार्यक्रम संपल्यावर त्यांचं काय झालं. पहिल्याचं उत्तर तुमच्या चार रकान्यांच्या यादीत आहे, ती परिशिष्टात लावा. दुसऱ्यासाठी चार आठवड्यांनंतरच्या नोंदी लागतात. त्या घ्यायच्या राहिल्या असतील तर मार्चच्या आत पुन्हा शाळेत जा, एप्रिलमध्ये परीक्षा लागतात. शोधगंगावर प्रत चढवण्याआधी परिशिष्टातली मुलांची नावं, शाळेचा शिक्का दिसणारे फोटो आणि दिव्यांग प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स काढून टाका. घाईत त्या तशाच राहतात, आणि एकदा चढलं की ते सगळ्या जगाला दिसतं.